दुसऱ्यांदा घेतलेली झडती

“साहेब, गाडी बाजूला घ्या. पाच मिनिटांचं काम हाय. एक सही पायजे.”

नगराळे हवालदाराने रस्त्यात आडवा धरलेला बांबू माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला जवळजवळ टेकला होता. वैशाखातली दुपार कलली होती, तरी डांबर अजून मऊ होते. मागे बसलेल्या कौसल्यावहिनी माझ्याआधीच खाली उतरल्या. कारण रस्त्याच्या कडेला अंथरलेल्या टॉवेलावर ओळीने मांडलेल्या दारूच्या बाटल्या त्यांना माझ्याआधी दिसल्या होत्या.

“सापडली?” त्यांनी विचारले.

“सापडली म्हणजे काय, ताई! डझनभर हाय. तुमच्या अर्जावर नाका बसला अन् आज मोठा मासा लागला.”

पिंपळढोहचा तो फाटा म्हणजे दोन जिल्ह्यांची शीव. पुलापलीकडे दारूचे परवाने होते, अलीकडे आमचा जिल्हा कोरडा. कोरडा हा शब्द सरकारी कागदापुरता. पुलावरून रात्रंदिवस काय वाहत होते, ते गावातल्या प्रत्येक चुलीला ठाऊक होते. वहिनी दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. कलेक्टर कचेरीसमोर त्यांनी बायका घेऊन धरणे धरले होते, आणि त्यानंतरच हा नाका बसला होता. मी त्या वेळी कालव्यावर कनिष्ठ अभियंता होतो. त्या दिवशी तालुक्याच्या बाजारातून वहिनींना घेऊन घरी परतत होतो, एवढाच माझा त्या जागेशी संबंध.

बाटल्यांच्या पलीकडे एक जुनी मेटॅडोर उभी होती. टपावर दोरीने बांधलेला मोठा ढोल, आणि बाभळीच्या विरळ सावलीत, जरीच्या किनारीचे लाल कोट घालून घामाने निथळत बसलेली आठ-दहा माणसे. त्यांच्यातला एक उंच, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ उठून माझ्याकडे आला. कोटाच्या खांद्यावर पितळी झालर होती.

“मी किसन खंडाळे, साहेब. बँडमास्तर. कवठखेड्याले आज लग्न हाय, गोरजावरचं. नवरदेव मारुतीच्या पारावर येऊन बसला असन.”

“मग जा की,” हवालदार म्हणाला. “पायी जा. गाडी अन् बाजे राहतीन ठाण्यात.”

“बाजे काहून?”

“गाडीत होते म्हणून. गाडीतला समदा माल जप्त.”

मास्तरांनी मान फिरवली. त्यांच्या माणसांनी ऐकले होते. “साहेब,” ते मला म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली आला, “ठाण्याच्या आवारात उन्हापाण्यात पडलेला बाजा पुन्हा वाजत नसते. कोर्टाचा निकाल लागेतो चामडं फाटून जाते, पितळ हिरवं होते. हा हंगाम तर गेलाच, पुढचाबी गेला. ही दहा घरं काय खातीन?”

“माझ्याकडे पाहू नका, मास्तर,” मी म्हणालो. “मला अजून इथे काय झाले हेच ठाऊक नाही.”

“म्हणून तर सही पायजे!” हवालदाराने पाटीवर लावलेला कागद पुढे केला. “पंच म्हणून. दोन पंच लागते. एक झिबल झाला, हा टपरीवाला. तुमी दुसरे. सरकारी माणूस असला म्हणजे पंचनाम्याले वजन येते.”

मी कागद वाचला. तो संपूर्ण लिहून तयार होता. ‘आम्हा पंचांसमक्ष सदर वाहनाची झडती घेतली असता, वाहनात खालील वर्णनाचा मुद्देमाल मिळून आला.’ त्याखाली झिबलची सही होती. माझ्या नावासाठी जागा मोकळी ठेवली होती.

“नगराळे,” मी विचारले, “झडती केव्हा झाली?”

“आत्ताच. तुमी यायच्या थोडी आधी.”

“आणि यात लिहिले आहे, पंचांसमक्ष.”

“तुमी आले ना आता!”

“मी आलो तेव्हा बाटल्या टॉवेलावर होत्या. त्या गाडीत असताना मी पाहिल्या नाहीत. गाडीतून निघताना पाहिल्या नाहीत. पंच झडतीच्या आधी बोलवायचे असतात. नंतर बोलावलेला माणूस पाहुणा असतो.”

हवालदाराने वहिनींकडे पाहिले. त्या घरच्या असल्यासारखे. “ताई, तुमचे भाऊजी काय म्हन्तात पाहा.”

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “करा ना सही. बाटल्या काय आभाळातून पडल्या?”

“कुठून पडल्या तेच तर मला सांगायचे आहे, वहिनी. आणि ते मला माहीत नाही.”

“तुमाले नसन करायची तर नका करू. मी करतो. आणा तो कागद.”

“तुम्ही पंच होऊ शकत नाही.”

वहिनींचा हात तसाच हवेत राहिला.

“नाका तुमच्या अर्जावर लागला आहे,” मी म्हणालो. “फिर्याद करणाराच साक्षीदार कसा? पहिल्या तारखेला वकील हाच प्रश्न विचारील.”

हवालदार खो खो हसला. “अन् मंग तुमी? तुमी त्यायचे दीर. दीर चालते अन् भावजय नाई चालत, हे कोनत्या कायद्यात हाय?”

बँडच्या माणसांतून कुणीतरी हसले. वादात ज्याला पटकन उत्तर सुचत नाही अशांपैकी मी नव्हे, परंतु त्या क्षणी उत्तर सुचले नाही, म्हणून मी प्रश्न बाजूला सारला.

“मला तुम्ही थांबवलेत, हवालदार. मी सही मागायला आलो नव्हतो.”

वहिनी दूर जाऊन पुलाच्या कठड्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीवरून मला कळले की त्या रात्री घरी माझ्या ताटात भाकरी पडेल, शब्द पडणार नाही.

हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याला घाई होती, ऊन लागत होते, आणि मी त्याच्या लेखी अडेलतट्टू होतो. त्याने टोपी काढून कपाळ पुसले, आणि एकाएकी त्याचा चेहरा उजळला.

“बरं! तुमाले पाहाचंच हाय ना? मंग पाहा. पुन्हा झडती घेतो, तुमच्यासमोर. उईके, ठेव त्या बाटल्या जिथल्या तिथं!”

उईके हा तरुण शिपाई. त्याने टॉवेलासकट बाटल्या उचलल्या, मेटॅडोरच्या मागच्या दाराशी नेल्या आणि तिथेच थबकला.

“कुठं ठेवू, साहेब?”

“जिथं होत्या तिथं!”

“मी तर पुलाकडं उभा होतो. तुमीच काढल्या.”

हवालदाराने डोके खाजवले. “सीटाखाली.”

“नाई बा,” टपरीच्या बाकड्यावरून झिबल मध्ये बोलला. पंचनाम्यावर सही झालेला मनुष्य. आपलीही काही जबाबदारी आहे असे त्याला वाटले असावे. “स्टेपनीत होत्या ना?”

“ते मागच्या बुधवारचं, येड्या! ते जीपवाल्याचं!”

“हो का? मंग ढोलात होत्या.”

“ढोल टपावर बांधला हाय. त्याले का दार असते?”

आता लाल कोटवाले उघड हसू लागले. मास्तर मात्र हसत नव्हते. ते हवालदाराच्या हातांकडे टक लावून पाहत होते, जणू एखादा गारुडी आपल्याच घरातल्या वस्तू गायब करतो आहे.

हवालदाराने बाटल्या स्वतः सीटखाली सारल्या, दार लावले, टोपी सरळ केली, दोन पावले मागे आला, आणि मग पुढे होऊन, पहिल्यांदाच गाडी पाहिल्यासारखे दार उघडले.

“ही पाहा, साहेब! एक. ही दुसरी. तिसरी.”

तो मोजत गेला आणि शेवटी अडखळला. एक बाटली कमी भरली. ती सीटखालून घरंगळून पुढे कुठेतरी गेली होती. हवालदार गुडघ्यांवर आत शिरला, उईकेने बॅटरी धरली, आतून काही वेळ धुसफूस ऐकू आली आणि तो बाटली घेऊन धुळीने माखलेला बाहेर आला. ती एक बाटली माझ्यासमक्ष मिळून आली, हे मला प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

“झालं समाधान?” त्याने धापा टाकत विचारले. “आता करा सही.”

“करतो,” मी म्हणालो. “लिहा.”

त्याने आनंदाने पेन काढले.

“लिहा: आम्ही आलो तेव्हा बाटल्या रस्त्याच्या कडेला टॉवेलावर होत्या. नंतर हवालदार नगराळे यांनी त्या स्वतःच्या हाताने वाहनात सीटखाली ठेवल्या आणि दार लावले. त्यानंतर दार उघडून त्यांनी त्या बाहेर काढल्या. एक बाटली घरंगळली होती, ती शोधून काढली.”

पेन कागदावर टेकले होते. ते हळूहळू वर उचलले गेले.

“असं कुठं लिहित असते का, साहेब?”

“हेच मी पाहिले.”

“माझी नोकरी जाईन ना!”

“म्हणून पहिले वाक्य तेवढे लिहा. दुसऱ्या झडतीचा हट्ट तुमचा होता.”

त्याने पेन खिशात खोचले आणि उईकेला पुलापलीकडच्या धाब्यावर फोन करायला पिटाळले. ठाणेदारांना बोलावणे गेले. सूर्य बाभळीच्या शेंड्याखाली उतरला होता. कवठखेड्याच्या बाजूने फटफटीवर एक माणूस आला, बँड का आला नाही हे विचारू लागला, पोलीस पाहून काही न बोलता परत फिरला. मास्तर त्याच्या धुरळ्याकडे पाहत राहिले.

ठाणेदार राजूरकर जीपमधून उतरले ते थेट माझ्यापाशी आले. शिकलेला, मऊ बोलणारा गृहस्थ. कालव्याच्या एका भांडणापासून आम्ही एकमेकांना ओळखत होतो.

“काकपुरे साहेब, सरकारी माणसाने सरकारी माणसाला अडवायचे, हे बरे दिसते का?”

“मी अडवलेले नाही. मी पाहिले तेवढे सांगतो आहे.”

“तुम्हीही पंचनामे करता की. पाणीचोरीचे.”

“करतो. शेतकऱ्याने कालव्यात चोरून पाइप टाकला असला, तर पाइप पाण्यात असतानाच पंच बोलावतो. तो ओढून काठावर टाकला आणि मग पंच आणले, तर शेतकरी म्हणतो, हा पाइप तुम्ही माझ्या कोठ्यातून आणलात. ते खोटे असते. पण मला ते खोडता येत नाही, कारण मीच पुरावा उपसून ठेवलेला असतो.”

ठाणेदार हसले; मग हसू ओठांवरून हळूच गेले. “बाटल्या या गाडीतल्या होत्या, हे तुम्हालाही कळते आणि मलाही. दारू वाहणाऱ्यांची बाजू घेता? तुम्ही? तुमच्या सख्ख्या भावाला या दारूनेच—”

“त्यायचं नाव घेऊ नका!”

वहिनी कठड्यापासून वळल्या होत्या. त्या आमच्यापासून बऱ्याच अंतरावर होत्या, पण त्यांचा शब्द ठाणेदारांच्या तोंडावर येऊन आदळला. “त्यायचं नाव या रस्त्यावर घ्यायचं नाई. मी घेत नाई, तुमीबी घेऊ नका.”

टपरीवरचे उकळलेले दूध उतू गेले, ते झिबलने फडक्याने पुसले.

ठाणेदारांनी मला खांद्याला धरून बाजूला नेले. “एक मधला मार्ग सांगतो. बाटल्या बेवारस दाखवतो. पुलाखालच्या झुडपात सापडल्या. गाडीशी संबंध नाही, बँडशी नाही. तुम्ही त्यावर सही करा. हे लोक आत्ता लग्नाला जातील, आमचाही मान राहील. आता तर हरकत नाही?”

मास्तरांच्या कानावर ते गेले असावे. ते पळतच आले आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. “करा साहेब! देवासारखे भेटले. करा सही!”

“मास्तर, झुडपात सापडल्याचे मी पाहिले नाही.”

“पण त्यानं आमी सुटतो ना!”

“सुटाल. पण तेही खोटेच आहे.”

मास्तरांचे जोडलेले हात सुटले. त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत असा संताप उसळला की हवालदाराकडे पाहतानाही तो तसा उसळला नव्हता. “तुमाले आमाले सोडवाचं हाय का बुडवाचं? ते खोटं लिहून बांधते, तवा तुमी सही करत नाई. हे खोटं लिहून सोडते, तवाबी तुमी सही करत नाई. तुमची सही हाय का सोन्याची वीट?”

हा प्रश्न मला लागला. त्याचा अर्थ इतकाच होता की सत्य ही माझी चैन आहे आणि तिची किंमत त्याने मोजावी. पुष्कळ वर्षे झाली. त्यानंतर मी अनेकांशी अनेक वाद घातले, पण मास्तरांच्या त्या वाक्याला तोडीस तोड उत्तर मला आजही सापडलेले नाही. तेव्हा मी फक्त एवढेच म्हणालो, “तुम्हाला ठेवून घेण्यासाठीही मी सही करणार नाही, मास्तर. आणि दोन पंचांशिवाय हे तुम्हाला ठेवू शकत नाहीत. थोडे थांबा.”

“झिबलची सही आहेच,” ठाणेदार थंडपणे म्हणाले. “दुसरा मिळेल. रस्ता चालू आहे.”

“मिळेल. आणि बचावाचा साक्षीदार म्हणून मीही मिळेन.”

ठाणेदार आणि मी एकमेकांकडे पाहत उभे होतो, तेवढ्यात वहिनी सावकाश चालत टपरीपाशी गेल्या. त्यांचा चेहरा मला वाचता येईना.

“झिबल,” त्यांनी विचारले, “दौलत ठेकेदाराची गाडी धरली होती पोळ्याच्या पायल्या दिवशी. त्याचा पंच तूच होता ना?”

तालुक्यातली सारी दारू ज्याच्या हातून येत असे तो हा दौलत. त्याची गाडी पोलिसांनी तीनदा पकडली होती, आणि तिन्ही वेळा तो कोर्टातून हार घालून बाहेर आला होता.

“होतो ना, काकू,” झिबल म्हणाला.

“अन् त्याच्या आधीच्या खटल्याचा?”

“त्याचाबी मीच. जवळ असतो ना, म्हणून बोलावते.”

“कोर्टात काय सांगितलं तू?”

“वकिलानं विचारलं, बाटल्या पायल्या का? मी म्हणलं, पायल्या.”

“कुठं पायल्या?”

झिबलने प्रामाणिकपणे आठवून सांगितले, “टॉवेलावर.”

वहिनींनी माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, अगदी हळू विचारले, “भाऊजी, दौलत सुटला त्या दिवशी तुमी तालुक्याले गेले होते. कोर्टात होते का तुमी?”

“होतो. मागच्या बाकावर.”

“काय म्हणलं मॅजिस्टरनं?”

“म्हणाले, पंचांनी माल वाहनात पाहिला नाही, संशयाचा फायदा आरोपीला.”

“मी समदीकडं सांगत फिरलो, त्यानं मॅजिस्टरले पैसे चारले. धरण्यात त्याच्या नावानं घोषणा देल्ल्या.” त्या थांबल्या. “तुमी घरी येऊन सांगितलं काहून नाई?”

“सांगितले असते तर पटले असते?”

“नाई,” त्या म्हणाल्या. “आज पटलं.”

त्या ठाणेदारांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्याइतक्याही उंच नव्हत्या. “साहेब, भाऊजी जे पायलं म्हन्तात तेच लिहा. तेवढंच लिहा. नाई तर उद्या मी मंडळाच्या बायका घेऊन तुमच्या दारात बसतो. कलेक्टरच्या दारात बसून पायलं, तुमच्या दारात सावली चांगली हाय.”

“ताई, तुमच्यासाठीच तर आम्ही—”

“आमच्यासाठी पकडता अन् दौलतसाठी सोडता. टॉवेल तुमचाच.”

नगराळे हवालदाराने मान खाली घातली. ठाणेदारांनी जीपच्या बॉनेटवर नवा कागद ठेवला आणि स्वतः लिहिले: पंच आले तेव्हा बाटल्या वाहनाजवळ रस्त्याच्या कडेला होत्या, त्या कोठून आल्या हे पंच सांगू शकत नाहीत. दुसऱ्या झडतीचा उल्लेख त्यांनी केला नाही, आणि मी तो मागितला नाही. कारण माझ्या सहीवर असत्य नसावे इतकाच माझा आग्रह होता, हवालदाराचे पोट मारण्याचा नव्हे. मी सही केली. झिबलने आपली जुनी सही खोडून नवी केली. एवढ्या कागदावर गाडी ठेवता येत नव्हती, बाजे तर नाहीच. बाटल्या जीपमध्ये गेल्या.

“चला, चला!” मास्तर ओरडले. लाल कोट धडाधड मेटॅडोरमध्ये चढले. मास्तर चढणार तोच पुन्हा उतरले आणि माझ्याकडे आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. जीप निघून गेली होती. वहिनी मात्र माझ्या शेजारी होत्या.

“साहेब, मघा बोललो ते मनावर घेऊ नका. आता एक खरं सांगतो. न सांगून गेलो तर आज हात बाज्यावर पडणार नाई.” ते घुटमळले. “बाटल्या गाडीतच होत्या. सीटाखाली नाई, बिछान्याच्या वळकटीत. आमच्या गुलाबच्या. तो क्लॅरिनेट वाजवते. मले मालूम नव्हतं, वाटेत कळलं.”

मास्तर माझ्या तोंडाकडे पाहत होते. “आता?” त्यांनी विचारले.

“आता काही नाही. मला जे विचारले, ते मी सांगितले. हे मला कुणी विचारले नव्हते.”

“आधी मालूम असतं तर?”

“तरी तेच सांगितले असते.”

त्यांना ते पटले की नाही, कोण जाणे. वहिनी माझ्याकडे न पाहता मेटॅडोरच्या मागच्या दाराशी गेल्या. आत, कोपऱ्यात, हाताच्या मुठी गुडघ्यांत दाबून एक किडकिडीत माणूस बसला होता. गुलाब कोणता हे त्यांना विचारावे लागले नाही.

“घरी कोन हाय?”

“बायको हाय, मावशी. दोन पोरी.”

“कोनतं गाव?”

त्याने गाव सांगितले.

“बायकोचं नाव?”

“सखू.”

“मी येईन तिले भेटाले,” वहिनी म्हणाल्या. “तुले नाई, तिले. जाय आता. नीट वाजव.”

मेटॅडोर धूळ उडवत कवठखेड्याच्या वाटेला लागली. आम्ही गावात शिरलो तेव्हा वाऱ्याबरोबर बँडचा पहिला तुकडा कानावर आला. रात्री ताट वाढताना वहिनींनी विचारले, “पाइप पाण्यात असतानाच पंच बोलावता तुमी?” मी हो म्हणालो. “अन् पंच येईस्तोवर शेतकऱ्यानं काढून घेतला तर?” मी म्हणालो, “मग माझा माणूस तिथे उभा असतो. हात न लावता.” त्यांनी मान हलवली आणि भाकरीवर आणखी एक भाकरी टाकली.

त्यानंतर पाऊस येऊन गेला, पेरण्या झाल्या. श्रावणात, सकाळच्या चहाच्या वेळेला, नगराळे हवालदार सायकल दामटत आमच्या दारात आला. त्याने सायकल भिंतीला टेकवली नाही; अंगणात आडवीच टाकली.

“ताई! साहेब! दौलतची जीप पुलावर उभी हाय. चारी दारं बंद. किल्ली दौलतच्याच हातात. आमी भोवती गराडा घालून उभे हाय, पण कोनं बोट नाई लावलं. ठाणेदार साहेबानं सांगितलं, आधी दोन पंच आन, मंग दार उघडू.”

मी चपलेत पाय घातले.

“तुमी नाई, साहेब,” हवालदार म्हणाला.

“का?”

“त्या दिवशी मी विचारलं होतं, भावजय चालत नाई तर दीर कसे चालते? तुमी उत्तर देल्लं नव्हतं.” तो ओशाळल्यासारखा हसला. “मी ठाणेदार साहेबाले विचारलं. ते म्हणले, काकपुरे साहेबाचंच खरं हाय. घरचं कोनी नको. ताई, तुमीच गावातले दुसरे दोघं सांगा.”

मी पायातल्या चपला काढल्या. जिला ती गाडी उघडताना पाहायचा सगळ्यांत जास्त हक्क होता, ती बाई माझ्याइतकीच जागच्या जागी खिळली होती. मग वहिनींनी पदर कमरेला खोचला आणि त्या रस्ता ओलांडून गेल्या. मंडळातल्या एखाद्या बाईच्या घरी जातील असे मला वाटले. त्या थांबल्या ते श्रीपत लांजेवारांच्या दारात. ग्रामसभेत दारूबंदीच्या ठरावाविरुद्ध ज्याने उभे राहून हात वर केला होता, तो हा लांजेवार. त्या दिवसापासून वहिनी त्याच्या सावलीशीही बोलल्या नव्हत्या.

“लांजेवार भाऊजी,” त्यांनी कडी वाजवली. “उठा. संगं तुमच्या भावालेबी घ्या. पुलावर जाऊन एक दार उघडताना पाहाचं हाय.”

तो डोळे चोळत बाहेर आला. “मी? मी काहून, वयनी?”

“कारण तुमाले कोनी माझा माणूस म्हणणार नाई.”

लांजेवार माझ्याकडे, हवालदाराकडे, मग पुन्हा वहिनींकडे पाहू लागला.

“अन् मी खोटं सांगितलं तर?” त्याने विचारले.

“जे दिसन ते सांगा,” वहिनी म्हणाल्या, आणि त्याच्या दारातून बाजूला झाल्या.